थकव्याचा पत्ता शोधणारी डॉक्टर

सतत थकलेल्या माणसाला सहानुभूती फारशी मिळत नाही. ताप मोजता येतो, जखम दिसते. थकवा मात्र फक्त ज्याचा त्याला कळतो. त्यामुळे घरचे त्याला आळशी म्हणतात, मुकादम कामचुकार म्हणतो आणि डॉक्टर एखादे टॉनिक लिहून देतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कारखान्यांत अशा कामगारांवर आणखी एक शिक्का बसे, तो म्हणजे दारुडा. चेहरा फिका, हात लटपटणारे, भूक मेलेली, पोटात मुरडा आणि चार पावले टाकली की बसावेसे वाटणे, ही सारी दारूची करणी आहे असे मालक सांगत आणि बऱ्याच डॉक्टरांनाही ते पटत असे. हा थकवा दारूतून आला नसून कामाच्या जागी श्वासावाटे पोटात आणि रक्तात जाणाऱ्या शिशातून आला आहे, हे घरोघरी फिरून आणि कागदोपत्री सिद्ध करून दाखवले ते डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी. अमेरिकेत औद्योगिक विषशास्त्राचा पाया त्यांनी घातला, असे मानले जाते.

२७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ॲलिसचा जन्म झाला. बालपण गेले इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी, आजीच्या मोठ्या वाड्यात, चुलत भावंडांच्या गोतावळ्यात. शाळेत न घालता मुलांना घरीच शिकवायचे, अशी या कुटुंबाची रीत होती. भाषा, साहित्य, इतिहास भरपूर. गणित आणि विज्ञान मात्र जेमतेम. मोठी बहीण एडिथ पुढे ग्रीक संस्कृतीवरच्या पुस्तकांमुळे जगप्रसिद्ध झाली. वडिलांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार बुडाला आणि मुलींनी आपल्या पायावर उभे राहायला हवे हे घरात सर्वांना कळून चुकले. ॲलिसने डॉक्टर व्हायचे ठरवले. त्या काळी बाईला जिथे जाईल तिथे उपयोगी पडता येईल, असा तो व्यवसाय आहे असे तिला वाटले. विज्ञानाचा कच्चा पाया तिने भरून काढला आणि १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी मिळवली.

पुढे जीवाणूशास्त्र आणि विकृतिशास्त्र शिकायला ती जर्मनीला गेली. लाइपझिग आणि म्युनिक इथल्या विद्यापीठांनी बहिणींना वर्गात बसू दिले, पण कोणाच्या नजरेत न येता बसायचे या अटीवर. परतल्यावर काही काळ जॉन्स हॉपकिन्समध्ये काम केले. १८९७ मध्ये शिकागोतल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवण्याची नोकरी मिळाली आणि त्याच सुमारास त्या हल हाउसमध्ये राहायला गेल्या. तेव्हा त्यांचे वय होते २८.

हल हाउसची शिकवण

हल हाउस ही जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीत सुरू केलेली संस्था. इटली, पोलंड, रशिया, ग्रीस अशा देशांतून पोटासाठी आलेल्या कुटुंबांच्या शेजारी सुशिक्षित माणसांनी राहायचे आणि त्यांच्या अडीअडचणींत सामील व्हायचे, ही तिची कल्पना. हॅमिल्टन तिथे २२ वर्षे राहिल्या. दिवसा प्रयोगशाळा आणि अध्यापन, उरल्या वेळात वस्तीतल्या तान्ह्या बाळांचा दवाखाना, असा त्यांचा दिनक्रम होता. याच वस्तीत त्यांनी तिशी-चाळिशीत म्हातारे झालेले कामगार पाहिले. पोलाद कारखान्यात कार्बन मोनॉक्साइडने गुदमरलेले, रंगाच्या कारखान्यात मनगटे लुळी पडलेले. यांच्या बायकांना नवऱ्याला काय झाले ते नेमके सांगता येत नसे. एवढेच कळत असे की कामाला लागल्यापासून माणूस खंगत गेला.

शास्त्रज्ञ म्हणून त्यांची घडण होण्यात एका चुकलेल्या निष्कर्षाचाही वाटा आहे. १९०२ मध्ये शिकागोत विषमज्वराची साथ आली आणि हल हाउसच्या आसपास ती सर्वांत जास्त पसरली. उघडे संडास आणि माश्यांचे थवे पाहून हॅमिल्टन यांनी माश्या पकडल्या, तपासल्या आणि त्यांच्यावर विषमज्वराचे जंतू सापडतात हे दाखवून दिले. त्यांच्या निबंधाचा गाजावाजा झाला, आरोग्य खात्याची झाडाझडती झाली. पण खरे कारण नंतर बाहेर आले. सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या नळात शिरले होते आणि अधिकाऱ्यांनी ते दडवून ठेवले होते. माश्यांचा सिद्धांत मात्र लोकांच्या मनात बसला तो बसलाच. या गोष्टीची रुखरुख हॅमिल्टन यांना आयुष्यभर राहिली. दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा धडा त्यांनी इथे घेतला आणि पुढच्या प्रत्येक तपासात पाळला.

शिशाचा माग

त्या काळात ब्रिटन आणि जर्मनीत कामगारांच्या आजारांचा अभ्यास जोमात होता, कायदेही झाले होते. अमेरिकेत या विषयावर वाचायला जवळजवळ काही नव्हते. आपल्याकडचे कारखाने आधुनिक आहेत, मजुरी चांगली आहे, तेव्हा इथे युरोपसारखे आजार होतच नाहीत, अशी एक सोयीस्कर समजूत होती. इलिनॉय राज्याने १९१० मध्ये व्यवसायजन्य आजारांची पाहणी हाती घेतली, तेव्हा तिची सूत्रे हॅमिल्टन यांच्याकडे आली. देशात अशा प्रकारची ही पहिलीच राज्यव्यापी पाहणी. त्यांनी स्वतःसाठी शिशाचा विषय घेतला.

अडचण अशी की कोणत्या उद्योगात शिसे वापरतात, याची यादीच कुठे नव्हती. पांढऱ्या रंगासाठी लागणारा सफेता, लाल रंगासाठीचा शेंदूर, बॅटऱ्या, छपाईचे खिळे, चिनी मातीची भांडी, एवढे उघड होते. बाकीचे शोधून काढावे लागले. कारखान्यात जाऊन कामगारांना विचारले तर ते घाबरून गप्प बसत, कारण मुकादम शेजारीच उभा असे. मग हॅमिल्टन आणि त्यांचे तरुण सहकारी कामगारांच्या घरी जात, चर्चमधल्या पाद्र्यांना भेटत, गल्लीतल्या औषधवाल्याला विचारत, रुग्णालयांच्या नोंदी चाळत. स्वयंपाकघरात बसून बायकोशी बोलल्यावर जे कळे ते कारखान्याच्या कचेरीत कधीच कळत नसे.

यातला एक प्रसंग त्यांच्या कामाची पद्धत दाखवतो. रुग्णालयात त्यांना शिशाच्या विषबाधेने गंभीर आजारी असलेला एक पोलिश मजूर भेटला. आपण आंघोळीच्या टबांना एनॅमलचा मुलामा देतो असे त्याने सांगितले. हॅमिल्टन त्या कारखान्यात गेल्या. मालकाने काम दाखवले, पण शिसे कुठेच दिसेना. एनॅमलमध्ये शिसे असते हे त्यांच्या ऐकिवातही नव्हते. त्या परत मजुराच्या घरी गेल्या, तेव्हा कळले की त्यांना दाखवले होते ते फक्त शेवटचे रंगसफेदीचे काम. खरा मुलामा देण्याचे काम दुसऱ्याच ठिकाणी चाले. तिथे भट्टीतून लालबुंद टब बाहेर काढून त्यावर एनॅमलची भुकटी चाळणीने शिंपडत. हवेत तिचाच धुरळा. त्या भुकटीचा नमुना तपासला तेव्हा त्यात सुमारे २० टक्के विरघळणारे शिसे निघाले. एका माणसाच्या आजारातून एका संपूर्ण धंद्याचा धोका उघडा पडला.

पुराव्याबाबत त्या स्वतःशीच कठोर होत्या. एखादा कामगार थकलेला आहे, फिका दिसतो आहे, एवढ्यावर त्याचे नाव यादीत येत नसे. हिरड्यांवर शिशाची निळी-काळी रेषा स्पष्ट असली पाहिजे, किंवा आजारी असताना डॉक्टरने तसे निदान केलेले असले पाहिजे. त्यामुळे कितीतरी खरे रुग्ण यादीबाहेर राहिले असणार. तरीही पाहणीत शिशाच्या विषबाधेचे ५७८ रुग्ण नोंदले गेले आणि शिसे वापरणाऱ्या सत्तरहून अधिक कामांची यादी तयार झाली. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, इलिनॉयने कायदा केला. शिशाच्या कामगारांची दर महिन्याला वैद्यकीय तपासणी आणि आजाराची सरकारदरबारी नोंद बंधनकारक झाली.

शिसे माणसाला का थकवते?

शिसे शरीरात शिरते ते मुख्यतः धूळ आणि वाफेच्या रूपाने, श्वासावाटे. हात न धुता भाकरीचा तुकडा तोंडात घातला तर पोटावाटेही जाते. मालकांचा भर या दुसऱ्या वाटेवर असे: कामगार घाणेरडे आहेत, हात धूत नाहीत, म्हणून आजारी पडतात. हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की खरा शत्रू हवेतला धुरळा आहे. माणसाने कितीही साबण लावला तरी श्वास घेणे त्याला थांबवता येत नाही. त्यामुळे उपाय करायचा तो यंत्रावर. झाकण, पंखे आणि धूळ शोषणाऱ्या नळ्या बसवून.

शरीराला शिशाचा काहीच उपयोग नाही, पण शरीर त्याला ओळखण्यात फसते. रक्तातला हिमोग्लोबिन तयार करण्याच्या साखळीत काही एन्झाइम काम करतात. शिसे त्यांनाच निकामी करते. हिमोग्लोबिन कमी पडला की स्नायूंना आणि मेंदूला प्राणवायू कमी मिळतो आणि माणूस फिका पडतो, धापा टाकतो, थकतो. शिवाय शिसे मज्जातंतूंना इजा करते, म्हणून मनगट लुळे पडते. कॅल्शियमच्या जागी ते हाडांत जाऊन बसते आणि तिथे वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. काम सोडल्यावरही, किंवा गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाहेर पडू लागले की त्याच्यासोबत, हे शिसे पुन्हा रक्तात उतरू शकते. आज आपल्याला कळलेली ही यंत्रणा हॅमिल्टन यांच्या वेळी इतकी स्पष्ट नव्हती. त्यांच्यासमोर होती ती फक्त माणसे, त्यांची कामे आणि त्यांच्या आजारांच्या तारखा.

पगार नाही, अधिकारही नाही

१९१० मध्येच ब्रुसेल्सला व्यवसायजन्य आजारांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे युरोपीय तज्ज्ञांसमोर अमेरिकेकडे दाखवण्यासारखे काहीच नव्हते. अमेरिकेचे कामगार आयुक्त चार्ल्स नील यांनी पुढे हॅमिल्टन यांना देशपातळीवर हेच काम करायला बोलावले. अटी विलक्षण होत्या. पगार नाही, अहवाल पूर्ण झाला की सरकार तो विकत घेणार. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकारही नाही. दार उघडायचे की नाही, ही मालकाची मर्जी. हॅमिल्टन यांनी ते मान्य केले आणि पुढची दहा वर्षे सफेत्याच्या, रंगाच्या, चिनी मातीच्या, बॅटरीच्या, छपाईच्या कारखान्यांत, शिसे वितळवण्याच्या भट्ट्यांवर आणि खाणींत त्या फिरत राहिल्या.

त्यांचे शस्त्र होते सभ्यपणा आणि आकडे. बहुतेक मालक दुष्ट नसतात, त्यांना आपल्या भिंतीआड काय चालले आहे हे माहीत नसते किंवा माहीत करून घ्यायचे नसते, अशी त्यांची धारणा होती. नॅशनल लेड कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड कॉर्निश यांनी आपल्या कारखान्यात कोणाला विषबाधा होते हे आधी साफ नाकारले. हॅमिल्टन यांनी शिकागोतल्या त्यांच्या कारखान्यातले २२ गंभीर रुग्ण पुराव्यासकट समोर ठेवले. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ आणि वाफ आवरण्याची व्यवस्था केली, डॉक्टर नेमले, आणि हे आपल्या इतर कारखान्यांतही लागू केले. पण सर्वच मालक कॉर्निश नव्हते. मालकाच्या मनधरणीवर कामगाराचा जीव अवलंबून राहणे बरोबर नाही, कायदाच हवा, हे हॅमिल्टन यांना दिवसेंदिवस पटत गेले.

पहिल्या महायुद्धात त्यांना स्फोटकांच्या कारखान्यांचा शोध घ्यायला सांगितले गेले. युद्धामुळे या कारखान्यांचे पत्ते गुप्त होते. आकाशात नायट्रिक ॲसिडच्या कारखान्यावरचे पिवळे-नारिंगी ढग दिसले की त्या दिशेने जायचे, किंवा पिक्रिक ॲसिडमुळे हात-तोंड पिवळे झालेले कामगार रस्त्यात भेटले की त्यांना विचारायचे, असा त्यांचा शोध चाले. पुढे टोप्यांच्या नमद्याच्या धंद्यात पाऱ्याने हात थरथरणारे कारागीर, इंडियानाच्या चुनखडी दगडाच्या खाणीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांमुळे बोटे पांढरी आणि बधिर पडलेले पाथरवट, बेन्झीनच्या वाफेने अस्थिमज्जा नासून रक्तहीन झालेले रबर कामगार, अशी माणसे त्यांच्या अहवालांतून पहिल्यांदा समाजासमोर आली.

हार्वर्डचे दार आणि पेट्रोलचा वाद

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला औद्योगिक वैद्यकाचा विषय सुरू करायचा होता आणि तो शिकवू शकेल असा पुरुष सापडेना. हॅमिल्टन यांना सहायक प्राध्यापक नेमण्यात आले. हार्वर्डच्या अध्यापकवर्गातली ही पहिली स्त्री. मात्र तीन अटी होत्या: अध्यापकांच्या क्लबात यायचे नाही, फुटबॉलची तिकिटे मागायची नाहीत आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही. विद्यार्थिनी म्हणून मुलींना हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळायला पुढे १९४५ साल उजाडावे लागले. हॅमिल्टन वर्षातला अर्धा काळ शिकवत आणि अर्धा काळ क्षेत्रात फिरत. १९२५ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या औद्योगिक विषांवर पहिले पाठ्यपुस्तक लिहिले. १९२४ ते १९३० या काळात त्या राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीवरही होत्या. १९३५ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हाही पद तेच होते, सहायक प्राध्यापक.

विषबाधा कारखान्याच्या भिंतीबाहेर पडून सामान्य माणसाच्या रस्त्यावर येण्याचा प्रसंग याच काळात आला. मोटारीच्या इंजिनाचा ठोका जावा म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळायला सुरुवात झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणाऱ्या पाच कामगारांचा भ्रमिष्ट होऊन मृत्यू झाला, इतर तीसहून अधिक जणांना गंभीर त्रास झाला. २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सरकारने परिषद बोलावली. उद्योगाच्या बाजूने सांगितले गेले की कारखान्यात काळजी घेतली की झाले. रस्त्यावरच्या धुरातले शिसे नगण्य आहे. हॅमिल्टन यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. शिसे जिथे जिथे वापरले जाते तिथे उशिरा का होईना विषबाधा होतेच, हा आजवरचा अनुभव. कारखान्यावर नियम लावता येतील, पण देशभरच्या रस्त्यांवर कोण लावणार? आणि हे विष थोडे थोडे साठत जाणारे असल्याने तोटा कळेपर्यंत फार उशीर झालेला असेल.

विक्री काही महिने थांबली. समितीने सुमारे २५० चालक आणि गॅरेज कामगार तपासले, थोड्या महिन्यांत ठळक आजार दिसला नाही, आणि बंदीला पुरेसे कारण नाही असा निष्कर्ष निघाला. पुढेही अभ्यास चालू ठेवावा, ही समितीची शिफारस मात्र बाजूला पडली. शिसेयुक्त पेट्रोल जगभर पसरले. भारतात मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आले आणि २००० मध्ये देशभर शिसेयुक्त पेट्रोल थांबले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, यातून २०२१ मध्ये बाहेर पडला. हॅमिल्टन यांनी दिलेल्या इशाऱ्याला तेव्हा ९६ वर्षे झाली होती.

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. १९३७-३८ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या-एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी व्हिस्कोस रेयॉनच्या कारखान्यांची पाहणी केली. कल्याण परिसरातल्या जुन्या वाचकांना रेयॉन हा शब्द परका नाही. हे कृत्रिम रेशीम बनवताना कार्बन डायसल्फाइड वापरतात. त्याच्या वाफेने कामगारांना झोप न लागणे, पायांतली ताकद जाणे, चिडचिड, उदासी, कधी कधी वेड लागल्यासारखी अवस्था होत असे, आणि त्यांची रवानगी मनोरुग्णालयात होई. कारण मनात नसून कारखान्यातल्या हवेत आहे, हे दाखवल्यावर पेनसिल्व्हेनिया राज्याने व्यवसायजन्य आजारांसाठी भरपाईचा कायदा केला.

१९४३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. कनेक्टिकटमधल्या हॅडलाइम गावी, नदीकाठच्या घरात, २२ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबर १९७० रोजी, कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य राखण्याचा देशव्यापी कायदा अमेरिकेत झाला.

आजच्या थकव्याला त्यांची पद्धत

घरात, रस्त्यावर, कामावर आपण आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त रसायनांच्या सान्निध्यात असतो. मग दीर्घकाळच्या थकव्याचे कारण तेच असेल का? हॅमिल्टन यांच्या चष्म्यातून पाहिले तर उत्तराचे दोन भाग पडतात.

पहिला भाग असा की काही रसायनांचा आणि थकव्याचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. शिसे त्यातले एक. बॅटरी दुरुस्ती किंवा जुन्या बॅटऱ्या फोडणे, रंग खरवडणे, झाळकाम, धातू वितळवणे अशा कामांत आजही ते शरीरात जाऊ शकते. कामाचे कपडे घरी आणले तर मुलांपर्यंत पोहोचते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. एवढे शिसे आढळले तर ते कुठून येते ते शोधा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. जुन्या भिंतींवरचा जुना रंग मात्र तसाच आहे. दुसरे उदाहरण कार्बन मोनॉक्साइडचे. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा थंडीत दार लावून पेटवलेली शेगडी यांतून हा वास नसलेला वायू साठतो. डोकेदुखी, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची सुरुवातीची खूण, आणि घराबाहेर पडले की बरे वाटणे ही त्याची चाहूल. तो जीवही घेऊ शकतो.

दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा. प्रत्येक थकव्यामागे रसायन नसते. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेचे विकार, नैराश्य ही नेहमीची कारणे आधी तपासायला हवीत. वैद्यकात ज्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, त्यात सहा महिन्यांहून जास्त काळ अंगातली शक्ती गेलेली असते आणि थोड्या श्रमानंतरही त्रास वाढतो. हा आजार खरा आहे, मनाचे खेळ नव्हेत. पुष्कळांना तो एखाद्या संसर्गानंतर जडतो. रोजच्या वापरातल्या रसायनांनी तो होतो असा ठोस पुरावा मात्र अजून हाती आलेला नाही. शिकागोतल्या माश्यांची गोष्ट इथे आठवावी. संशयित समोर दिसला म्हणून गुन्हेगार सापडला असे होत नाही. शरीरातली विषे काढून टाकण्याची हमी देणारी महागडी पेये आणि उपचार अशाच घाईवर पोसलेले असतात. शिसे उतरवण्याची खरी औषधे आहेत, पण ती रक्ततपासणीनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

मग थकलेल्या माणसाने काय करावे? डॉक्टरांकडे जाताना लक्षणांसोबत आपल्या दिवसाचा हिशेब न्यावा. काम कोणते, किती वर्षांपासून, हाताळतो काय, खोलीत हवा खेळते का, त्रास कधी सुरू झाला, सुट्टीत कमी होतो का, सोबतच्या कोणाला तसाच होतो का. संशय रास्त असेल तर रक्तातले शिसे मोजता येते. आणि डॉक्टरांनी व्यवसायाच्या रकान्यात नोकरी एवढेच लिहून पुढे जाऊ नये. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच रोग्याला त्याचे काम विचारावे असा आग्रह धरला होता. हॅमिल्टन तोच प्रश्न घेऊन कारखान्यांत गेल्या आणि उत्तर मिळाले नाही तिथे कामगाराच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. थकलेल्या माणसाचे खरे मानायचे आणि त्याच्या थकव्याचे कारण मात्र पुराव्याशिवाय मानायचे नाही, या दोन गोष्टी त्यांनी एकाच वेळी सांभाळल्या. दवाखान्यात आणि घरातही एवढे सांभाळता आले, तर थकलेल्या कितीतरी माणसांचा कामचुकारपणाचा शिक्का पुसला जाईल.